दवाखान्याचं मशीन शांत झालं

मंगळवार, १२ डिसेंबर. कळमनुरी

शेजारच्या दवाखान्याच्या गच्चीवर एसीचं मोठं मशीन आहे. वर्षभर तक्रारी केल्या, तेव्हा आज कुठं त्याच्याखाली रबर बसवलं, भोवती जाड पत्रा ठोकला. आवाज एकदम कमी झाला. बरं वाटलं.

दिवेलागणीला स्वयंपाकघरातून सासूबाईंचं बोलणं ऐकू आलं. "हात धू बाबा, गरम भाकर टाकून राहिले." कोण आलं म्हणून डोकावले. समोर ह्यांचा पाट मांडलेला, रिकामा. हे जाऊन वर्ष होत आलं.

म्हणजे रोज बोलत होत्या? म्हणूनच संध्याकाळच्या भाकरी मला करू देत नाहीत? त्या मशीनच्या आवाजात मला कधी कळलंच नाही. काहून केल्या मी तक्रारी?

मला बघून त्यांनी पाट भिंतीला लावला. "मशीन बंद पडली व्हय?" एवढंच विचारलं.

मी माळ्यावरचा जुना कूलर काढला, बिनपाण्याचाच लावला. घरभर खडखडाट.

"थंडीत कूलर काहून?"

"असू द्या," म्हटलं.

थोड्या वेळानं दारातून पाहिलं. पाट परत मांडलेला होता. ऐकू काहीच येत नव्हतं, पण त्यांचे ओठ हलत होते.