कपाटातला भाऊ

११ नोव्हेंबर २००७, मिल्टन कीन्स, इंग्लंड

कशाला गेले मी ते पॉपीचं कागदी फूल घेऊन? युद्धात गेलेल्या इथल्या सैनिकांसाठी आज सगळेच छातीवर लावतात. रविवारी मला बोलायला कोणी नसतं, म्हणून शेजारच्या हेल्गाआजींनाही एक नेलं. त्या जर्मन आहेत, हे डोक्यातच आलं नाही!

रागावल्या नाहीत. कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला महायुद्धात गेलेल्या त्यांच्या भावाचा फोटो. जर्मन गणवेश, मिसरूडही न फुटलेलं. "आम्ही हरलो ते बरंच झालं," म्हणाल्या, "म्हणून हा भिंतीवर नाही. पण भाऊ आहे ना माझा."

फूल मात्र परत दिलं. मग दोघी त्या उघड्या कपाटासमोर उभ्या राहिलो. दरवर्षी एकट्याच उभ्या राहत असतील?

कपाटाचं दार लावताना म्हणाल्या, "आज पहिल्यांदाच त्याला कोणी भेटायला आलं."