शंभूच्या रक्ताचे आकडे

१० सप्टेंबर, पळसदेव
मी सांगतीय, थोरली सून रेखा लिहितीय. मला अक्षर येत न्हाय, तोंड येतं. तिला नावं ठेवली तरी तिनं लिहायची, असं ठरलंय. नातू शंभूला डेंग्यू. सहा वर्षांचं पोर. काल बारामतीला दवाखान्यात नेलं. आईबाप तितंच. घरात दंगा करायला कुणी न्हाय, मग मी रेखाशी भांडले.

११ सप्टेंबर
ताप उतरला! शंभूच्या सदऱ्यावरनं मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. दत्ताला, त्याच्या बापाला, फोनवर म्हणलं, "आणा आता घरी."
"न्हाय आये, डॉक्टरीण म्हणती ताप गेल्यावरच जपायचं."
ताप होता तवा काळजी, गेला तर जास्त काळजी. बरं.

१२ सप्टेंबर
दवाखान्यात जाऊन आले. पोराच्या हिरडीतनं रक्त येतंय. डॉक्टरीण, वय माझ्या नातीएवढं, म्हणती आत बारीक बारीक गुठळ्या होत्यात, म्हणून रक्तातला डी-डायमर तपासून बघायचा. मी म्हणलं, "बाई, भाईर रक्त थांबंना आन आत गोठतंय? एकाच पोराचं हाय न्हवं?" हसली. म्हणली, "आजी, दोन्ही एकदमच होतं." समजावलं बिचारीनं. येष्टीत बसेपर्यंत ध्यानात ऱ्हायलं.

१३ सप्टेंबर
हे लिहू नको म्हणलं, रेखा लिहितीयच.
सकाळी डेअरीवर दूध घालताना दत्ताचा फोन. "आये, डी-डायमर वाढला." आवाज बारीक. मला वाटलं जागरणाचा. आमच्यात दुधाच्या फॅटचा आकडा वाढला की घर खूश, तसंच धरलं. रांगेतल्या समद्यांच्या हातावर साखर ठेवली.
घरी आल्यावर रेखा म्हणली, "आत्याबाई, रक्तातल्या पेशी वाढाय पाहिजेत. डी-डायमर कमी व्हाय पाहिजे."
"मग त्यो का वाढला?"
तिलाबी ठावं न्हाय. दुपारी जेवण केलंच न्हाय...

१४ सप्टेंबर
पेशी जराशा वाढल्या. डी-डायमर हाय तितंच. हिरडीचं रक्त थांबलं, पोट फुगलंय. दत्ताला विचारलं, "चांगलं का वाईट, एक काय ते सांग."
"आये, डॉक्टरीणच सांगंना. उद्या परत रक्त घेणार."
मग शंभूला फोन दिला. म्हणला, "आजी, भूक लागली." इतक्या दिसांत पहिल्यांदा.
रेखानं पेन थांबवलं. "आत्याबाई, हे चांगल्यात लिहू का वाईटात?"
म्हणलं, नुसतं लिही. शंभूला भूक लागली.