गुडघा आधी टेकला की नारळ आधी सुटला

नीउ-व्हेनेप (नेदरलँड्स),
मंगळवार

तीर्थस्वरूप ताईस,

श्रीकांतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण उजवा गुडघा सध्या वाकत नाही. कारण पुढे येईलच.) तुझी कंबर आता कशी आहे? जयप्रकाशराव औषधं वेळेवर घेतात की अजून तुलाच मागे लागावं लागतं? आम्ही इथे सुखरूप आहोत, आणि हा शब्द मी या वेळी अगदी मनापासून लिहितो आहे.

सुमेधाने तुला ‘ठरलं एकदाचं’ एवढंच कळवलं आणि त्यातलं ‘एकदाचं’ तुला खटकलं, ते बरोबरच आहे. आपली प्रांजली आणि अंबरीश लायडनला एकाच प्रयोगशाळेत आहेत आणि त्यांनी आपसात सगळं केव्हाच ठरवलंय, हे तुला माहीत आहे. उरली होती फक्त वडीलधाऱ्यांची बोलणी. त्यासाठी त्याचे आईवडील, रविकांतराव आणि निशिगंधाताई, शनिवारी नायमेखनहून आमच्याकडे जेवायला आले. माणसं लाख. रविकांतराव चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतात, कमी बोलतात आणि आळूचं फदफदं तीनदा मागून घेतात. आणखी काय हवं?

पण शनिवार होता तो नोव्हेंबरचा शेवटचा. या दिवशी अमेरिकेतल्या माझ्या कॉलेजचा शेजारच्या राज्यातल्या कॉलेजशी फुटबॉलचा सामना असतो. (पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि इतरांनी त्याला आडवं करायचं, तो.) तिथे दोनच वर्षं शिकलो, पण एवढं एक वेड अंगाला चिकटून राहिलं. तिकडे दुपार असते तेव्हा इथे रात्रीच्या जेवणाची वेळ. म्हणून मी फोन मांडीवर, रुमालाखाली ठेवून जेवत होतो. सुमेधाला वाटलं, मी मान खाली घालून मुलीच्या बापाला शोभेल असा विनम्र बसलोय.

आमच्या संघाने त्यांचा गडी अगदी रेषेवर अडवला आणि मी मनातल्या मनात उसळलो, तर त्याच्या जरा आधी समोरून रविकांतराव कळवळून ‘अरेरे’ म्हणाले. आमटी तिखट झाली असेल म्हणून सुमेधाने तूप वाढलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग माझ्या ध्यानात आलं, की त्यांच्याही रुमालाखाली फोन आहे, त्यावरचा सामना माझ्या फोनपेक्षा काही क्षण पुढे आहे, आणि माझे होणारे व्याही त्या दुसऱ्या कॉलेजचे आहेत!

ताई, तेवढ्यावर भागलं असतं. फोन बाजूला ठेवून आम्ही राजरोस टीव्ही लावला, हसलो, एकमेकांना टाळीही दिली. पण खेळ संपत आला, आम्ही एका गुणाने पुढे, आणि त्यांचा गडी चेंडू घेऊन सुसाट निघाला. त्याला कोणी हात लावला नाही, तो आपला आपणच घसरला. गुडघा टेकला, चेंडू निसटला आणि आमच्या गड्याने उचलला. मी ओरडलो, “फंबल! सुटलेला चेंडू उचलेल त्याचा. चेंडू आमचा!”

“छे! गुडघा टेकला तिथेच खेळ थांबला. चेंडू आमचाच,” रविकांतराव म्हणाले.

“पण त्याला पाडलं कोणी? कोणीच नाही!”

“ते व्यावसायिक सामन्यात. कॉलेजच्या नियमात स्वतः पडलात तरी पडलात.”

पंचांनी त्यांचंच खरं केलं, त्यांनी लगेच चेंडूला लाथ मारून तीन गुण घेतले आणि आम्ही हरलो. इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, की तुमच्या कॉलेजला पंच नेहमीच धार्जिणे. रविकांतराव उठले आणि म्हणाले, “निशिगंधा, कोट घे.” प्रांजलीचे डोळे भरले. तिने अंबरीशला डचमध्ये काहीतरी सांगितलं, त्यात ‘पापा’ एवढंच मला कळलं आणि तेवढं पुरलं.

आता गोडीत घ्यावं म्हणून मी विहीणबाईंच्या ओटीसाठी ठेवलेला नारळ काखेत मारला आणि म्हटलं, थांबा, नक्की काय घडलं ते करूनच दाखवतो. स्वयंपाकघरातून पळत आलो, सतरंजीवर घसरलो, गुडघा दाणकन आपटला आणि नारळ उडाला तो थेट सोफ्यावर निशिगंधाताईंच्या पदरात.

“बघा! गुडघा आधी, नारळ नंतर!” रविकांतराव कोट टाकून आनंदाने ओरडले. “खेळ थांबला! नारळ त्यांचा. निशिगंधा, परत दे!”

बोलणी करायला आलेल्या वरमाईने नारळ परत द्यायचा म्हणजे काय, हे रविकांतरावांच्या हळूहळू लक्षात आलं असावं. निशिगंधाताईंनी नारळावर पदर ओढला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “पदरात पडलेला नारळ मी परत देत नसते. तुमचा नियम तुमच्या मैदानावर. सुमेधाताई, कुंकू आणा.”

मी जमिनीवरूनच म्हणालो, “फंबल!” आणि रविकांतरावांनी मला उठवायला हात दिला. इतकं हलकं मला प्रांजलीच्या जन्मानंतर तेव्हाच वाटलं असेल. दोन्ही मुलं स्वयंपाकघरात जाऊन एवढी हसली, की श्रीखंड वाढायचंच राहिलं.

तुझा,
श्रीकांत

ता. क. – खरं काम राहिलंच. पुण्याच्या गुरुजींनी लग्नाचा मुहूर्त काढलाय तो पुढच्या नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारचा. रविकांतराव आणि मी प्रथमच एकमताने सांगतो, की गुरुजींना भेटून त्या दिवसात काहीतरी खोट काढायला लाव. फोनवर सुमेधा शेजारी असते म्हणून पत्राचा खटाटोप. तिला कळू देऊ नकोस. पाय सुजल्यामुळे पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतो आहे.

आणखी ता. क. – ताई, नमस्कार. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मुहूर्त गुरुजींनी काढलेला नाही, मी आणि निशिगंधाताईंनी मिळून त्यांना सांगितलाय. बदलू देऊ नका. – सुमेधा