बाथटबमधलं रान

१२ ऑगस्ट, मंगळवार

टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर गेला! सकाळीच शेड सांभाळणाऱ्या रिझवानचा फोन — "आपा, टाकीचं पाणी तापलंय, जल्दी या."

फुजैराच्या किनाऱ्यावरच्या शेडमधली ती टाकी म्हणजे आता आमचं सगळंच. जूनमध्ये समुद्र असा तापला की पाण्याखालचं शेवाळाचं अख्खं रान सडून गेलं. माणसाच्या उंचीची झाडी होती ती! आम्ही व्हॉलंटियर युनिव्हर्सिटीच्या सुमेधा मॅडमच्या प्रोजेक्टसाठी तिथे डाइव्ह करून मोजमापं घ्यायचो. इतकी वर्षं या देशात राहून मला माझं वाटलेलं ते एकच ठिकाण. रान मरता मरता जी रोपं वाचवून आणली, ती या टाकीत. चिलरचा पार्ट यायला आठवडा लागेल म्हणे.

मॅडम अल ऐनहून धावत आल्या. "तोवर सगळं शिजून जाईल गं," म्हणाल्या. त्यांनी थोडी रोपं बादल्यांतून आपल्या घरी नेली. बाकीच्यांचं काय? मी बोलून गेले — माझ्याकडे बाथटब आहे.

१३ ऑगस्ट

समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून रिझवानच्या पिकअपने दुबईला, इंटरनॅशनल सिटीतल्या घरी आणलं. वॉचमनने विचारलं, "मॅडम, मछली?" म्हटलं, नाही, शेवाळ. तो बघतच राहिला. ड्रॅगन मार्टमधून हवेचा पंप आणला. फ्रीझरमधली सुरमई शेजारी देऊन टाकली, जागा झाली तिथे पाण्याच्या बाटल्या गोठवायला ठेवल्या. त्या टबात सोडायच्या, वितळल्या की बदलायच्या.

सफाने दार वाजवलं. "अम्मी, व्हेअर डू आय शॉवर?"

बादलीने. फरशीवर!

तिच्या अब्बूने, अजीजने, टॉवेल उचलला आणि न्हाणीचं दार धाडकन ओढून घेतलं.

१५ ऑगस्ट

मॅडमकडची सगळी गेली. फोनवर नुसतं "संपली" म्हणाल्या. म्हणजे आता त्या रानाचं जगात उरलंय ते माझ्या न्हाणीत!

१६ ऑगस्ट

फांद्यांची टोकं पांढरी पडताहेत. हात लावला की गळतात. बर्फ पुरत नाही. एसी शक्य तेवढा खाली आणलाय, सफा घरात स्वेटर घालून बसते. बाहेर ऊन आग ओकतंय.

अजीज आज फुटलाच. "रुकय्या, खलास! घाण वास येतोय घरभर. कचरा आहे तो. तू जेवत नाहीस, पोरीशी बोलत नाहीस. कोणासाठी चाललंय हे?"

मी टबाशी बसून राहिले. या अल्ला, एक तरी राहू दे!

१७ ऑगस्ट

अजीज बाहेरून आला तो दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या घेऊन. "खालच्या किराणा दुकानातला बकालावाला विचारत होता, शादी आहे का घरात." बूट न काढताच पिशव्या टबात ठेवायला लागला. मी रडले. तो म्हणाला, "रडू नको, पाणी गरम होईल."

१९ ऑगस्ट

आणखी गेली. काळपट, बुळबुळीत. चाळणीने काढते.

२१ ऑगस्ट

शेवटचं रोपही गेलं. हातात घेतलं तर देठच सुटला.

चिलरचा पार्ट आज आला! कशासाठी?

मॅडम म्हणाल्या, "तू जीव तोडलास, रुकय्या. प्रोजेक्ट बंद करायचं कळवते." रिझवानला सांगायची हिंमत झाली नाही. सफा येऊन शेजारी बसली. "आय ॲम सॉरी, अम्मी." तिने माझा हात सोडलाच नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

टब धुवायला घेतला. ब्लीच काढून ठेवलं, बूच काढायला पाण्यात हात घातला तर तळाशी तपकिरी पूड लागली. चोळून पाहिली — निघेना. अजीज वाकून म्हणाला, "घाण नाही ही. चिकटून बसलीये." फोटो पाठवला. मॅडमचा लगेच फोन. ओरडतच होत्या — "बूच काढू नकोस! रुकय्या, ती पिल्लं आहेत! हा मोसम नाही गं यांचा, पण मरताना बी टाकून गेलीत सगळी!"

हजारो असतील. पाण्याचा एक थेंबही सोडला नव्हता. अल्हम्दुलिल्लाह!