टाकीतलं मीठ

३ फेब्रुवारी

महाराजांनी आज कपाट रिकामं केलं. (नवरा म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून महाराज.) दोन बॅगा, मिक्सर, आणि इस्त्रीचं टेबल! जन्मात कधी शर्टावर इस्त्री फिरवली नाही. प्रयोगशाळेत नव्या फेरीचा पहिलाच दिवस, त्यात दुपारी वीज गेली. यंत्रं परत सुरू झाली आणि मी तशीच घरी पळाले. लक्ष ठेवलं नसतं तर पडदेही काढून नेले असते मेल्याने!

४ फेब्रुवारी

घर सुटलं, नोकरी सुटत नाही. त्याच लिफ्टने दोघं जमिनीखाली, त्याच टाकीपाशी. आज पाहुणे होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पाठ केलेलं परत म्हटलं — आकाशगंगा इतक्या जोरात फिरतात की नुसत्या ताऱ्यांच्या वजनाने एकत्र राहिल्याच नसत्या, म्हणून न दिसणारं कृष्णद्रव्य. त्याचा कण टाकीतल्या गार झेनॉनवर आपटला, की बारीकशी चमक.

महाराज लगेच पुढे. कण जड आणि मंद, म्हणे! माझ्या मते तो इतका हलका की लाटेसारखाच वागेल, त्याला वेगळं यंत्र हवं. ते यंत्र गेल्या वर्षी समितीने गुंडाळलं. समितीत कोण होतं? हेच! गटप्रमुखपदही माझ्या तोंडचं पळवलं. मी पाहुण्यांपुढे शोभेला उभी.

११ फेब्रुवारी

काही नाही. डोकं दुखतंय.

१९ फेब्रुवारी

तीन ठिपके, म्हणजे तीन चमका! महाराजांच्या पडद्यावर, बरोब्बर त्याच्या सिद्धांताच्या जागी. टेबलावर मूठ आपटली त्याने. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर हसले.

अरे बावळटा, माझं मीठ ते! कुणी हवेत इमले बांधू नयेत म्हणून नोंदींत खोट्या चमका मिसळायच्या, हे इथलं माझं काम. मीठच म्हणतात त्याला. मी प्रोग्रॅम चालू करून द्यायचा आणि तोंड शिवून बसायचं. किती चमका, कधी, ते प्रोग्रॅम ठरवतो. मिठाची यादी उघडेपर्यंत मलाही दिसत नाही. पण जड कणाच्या चमका मीच बनवल्यात, त्याच्याच मापाच्या. ओळखते मी माझी पोरं.

२१ फेब्रुवारी

महाराजांनी चहाच्या यंत्रापाशी गाठलं. कपाटानंतरचं पहिलं बोलणं.

"तुझं आहे का गं ते?"

"नियम माहितीये ना?"

"नुसती मान हलव."

मी कप धुतला. सावकाश धुतला!

२४ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन. "तुमचं काय बिनसलंय ते मी विचारत नाही. पण तो रडला गं फोनवर, आनंदाने. खरंच सापडलं का?"

"बघू, आई."

मिठाची यादी उघडायच्या बैठकीला येणार म्हणतात, नवी चप्पल घेतलीय. त्यांच्यावर राग नाही माझा. पण त्यांच्या लेकाला वाचवायचा मक्ता काही मी घेतलेला नाही.

२७ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, "हे मीठ निघालं तर गटप्रमुखपद सोडतो!"

सोड ना. मी लगेच बसते त्या खुर्चीत.

१ मार्च

उद्या मिठाची यादी उघडणार. बूट पॉलिश केले. किती दिवसांनी गुणगुणले. त्याचा चेहरा बघायचाय मला, अगदी पहिल्या रांगेतून.

२ मार्च

मॅडम म्हणाल्या, "मीठ किती होतं? वाच."

वाचलं. परत वाचलं. वीज येऊन यंत्रं सुरू झाल्यावर प्रोग्रॅम मीच हाताने चालू करायचा असतो. तेव्हा मी इस्त्रीचं टेबल जाताना बघत होते.

"शून्य," म्हटलं.

सासूबाईंनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या. तो हसला नाही, डोकं टेबलावर टेकवून बसला. अजून शंभर शंका काढाव्या लागतील, त्याही मलाच. पण जन्मभर जिची वाट बघितली, ती चमक कदाचित आली होती — आणि मी नळ सोडून हसत होते.