बर्फाचं लग्न

फिदा बाळा,

नदीकाठच्या आपल्या जागेत तू घर बांधायला येतोयस. नको रे. वरचं हिमतळं यंदा शंभर पावलं वाढलंय. फुटलं तर काठावर काही उरणार नाही.

आणि चूक माझी आहे. हिमनदी वाढावी म्हणून तरुणपणी आम्ही जुन्या रीतीप्रमाणे बर्फाचं लग्न लावलं: काळा नर बर्फ आणि पांढरा मादी बर्फ पाठीवरून नेऊन तिथे एकत्र पुरला. वाटेत बोलायचं नसतं. मी घसरलो आणि ओरडलो, म्हणून हे लग्न बिघडलं.

शेजारचा रोझी हसतो, "म्हाताऱ्या, लग्न तूच लावलंस, आता पोर पाहून रडतोस?"

हे वाचलंस तर तू कराचीतच राहशील, म्हणून पत्र टाकत नाही. काठच्या जागेत जर्दाळू लावलेत. घराचे दगड वरच्या शेतात रचलेत. घर तिथे का, असं विचारलंस तर सांगेन, वर ऊन जास्त मिळतं.

तुझा बाप,
मुराद