कंसातल्या जाऊबाई

आदरणीय वन्संना,

धाकट्या भावजयीचा प्रभूच्या नावात सलाम. तुमचे गुडघे, तुमच्या यजमानांचा खोकला आणि तुमच्या मांजरीचं जे काय चाललं होतं ते, सगळं ठीक असेल अशी आशा करते. इकडे आम्ही दोघी जावा देवाच्या कृपेने आहोत. कशा आहोत ते पुढे येईलच. अक्षर बघून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि ज्या पडण्यात तो मोडला त्यातच चष्माही फुटला, तेव्हा मी सांगते आहे आणि थोरल्या जाऊबाई लिहिताहेत. लिहायला बसताना त्यांनी अट घातली की स्वतःला जे म्हणायचं ते त्या कंसात घालणार आणि मला वाचून दाखवणार नाहीत. आयुष्यभर मुख्याध्यापिका होते, कुणाला श्रुतलेखनात पदरचा एक शब्द घालू दिला नाही. पण गरजवंताला अक्कल नसते. (वन्सं, सलाम. कंसात मी, थोरली. मांजरीला पिल्लं झाली का?)

तुम्ही विचारलंत की जाऊबाईंसाठी वृद्धाश्रमात जी खोली बघून ठेवली आहे तिचं काय करायचं. खोलीची खिडकी बागेकडे आहे, तिथल्या बाई महिनाअखेरपर्यंतच थांबतील, सगळं समजलं. मागच्या पत्रात ‘यांची लवकर सोय करा’ असं मीच लिहिलं होतं. आणि त्याच सुमारास ‘माझी लवकर सोय करा’ असं त्यांनीही तुम्हाला परस्पर कळवलं होतं, हे मला तुमच्या पत्रावरून आता कळतं आहे. (लग्न होऊन या घरात आल्यापासून आमचं दोघींचं एकमत झालं ते हे पहिलंच.) उत्तर देणार आहे. पण आधी हकीकत ऐका, नाहीतर उत्तर वाचून तुम्हाला वाटेल की पडताना माझं डोकंही आपटलं.

आमच्या चर्चच्या मंडळीचा रिवाज तुम्हाला ठाऊक नसेल, तो तुम्ही सासरी गेल्यावर सुरू झाला. वर्षाच्या पहिल्या रविवारी ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवाकडे एक गुण मागायचा, सगळ्यांनी आमेन म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी तो गुण कसा मिळाला याची साक्ष द्यायची. मी आजवर ज्ञान मागितलं, धीर मागितला, जिभेवर ताबा मागितला आणि सगळं मिळाल्याची साक्षही वेळच्या वेळी दिली. (जिभेच्या साक्षीला मला खोकल्याची उबळ आली होती.) यंदा मागण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून नम्रता मागितली. त्यावर जो आमेन झाला, वन्सं, तसा आमच्या चर्चमध्ये पूर्वी कधी ऐकला नव्हता. ऑर्गन वाजवणारे मास्तर एरवी डुलक्या काढतात, तेसुद्धा ताठ उठून बसले. पाळकसाहेबांनी तर दोनदा म्हटलं. मंडळीचं माझ्यावर एवढं प्रेम असेल अशी मला कल्पना नव्हती. (मी तीनदा म्हटलं.)

माझा अंदाज असा होता की नम्रतेच्या अभ्यासासाठी देव मला रविवारच्या शाळेतला अगदी लहान मुलांचा वर्ग देईल, आणि मी तो आनंदाने घेईन, आणि लोक म्हणतील, बघा, एवढी मोठी बाई पण खाली बसून पोरांना शिकवते. पण वरच्या दरबारात अर्ज धूळ खात पडत नाहीत. पुढच्याच आठवड्यात जाऊबाई चर्चचे पडदे धुवायला काढत होत्या, त्या स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. (स्टूल धरायला हीच होती. खाली पडलेल्या पडद्यांच्या घड्या चुकीच्या घातल्या जात आहेत हे सांगायला ती जरा पलीकडे गेली होती.) ऑपरेशन झालं, घरी आणलं. त्यांना मूलबाळ नाही, माझी लेक साता समुद्रापार. दोघींचे यजमान प्रभूकडे. एका घरात आम्ही दोघीच, स्वयंपाकघर एक आणि शेगड्या दोन, तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा अंथरुणातल्या बाईचं सगळं करणं माझ्याकडे आलं. सगळं म्हणजे सगळं.

काम अंगाशी आलं की मी ते नीट करते, हे माझे शत्रूही मान्य करतील. (करते.) त्यांच्या समोरच्या भिंतीवर मी वेळापत्रक लावलं. शाळेतली हातातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली: एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की बेडपॅन. अंग पुसायचं ते वरून खाली, डावीकडून उजवीकडे, काही सुटायला नको. (फळा पुसतात तसं.) आणि सेवा हसतमुखाने करावी म्हणून मी प्रत्येक वेळी एक भक्तिगीत म्हणत असे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की भांडं सोसेन किंवा गाणं सोसेन, दोन्ही एकदम जमणार नाही. मी मनात म्हटलं, दुखण्याने माणूस चिडचिडं होतं. काम करता करता माझी पुढच्या वर्षीची साक्ष डोक्यात जुळत होती, ती इतकी छान जुळत होती की एकदा भरलेलं भांडं हातात घेऊन मी दारातच एक वाक्य घोटत उभी राहिले. (दार रस्त्याकडचं होतं. उघडंही होतं.) जाऊबाई, एवढा वेळ लिहीत बसण्यासारखं मी काही बोलले नाही.

आता गुरुवारच्या महिला प्रार्थनासभेबद्दल. आमच्याकडे कुणी कुणाच्या घरातलं बाहेर काढत नाही. आमच्याकडे प्रार्थनेचा विषय देतात. गुरुवारी मी विषय दिला की जाऊबाईंचं करताना माझं मन मळमळू नये, मला बळ मिळावं. डोळे मिटलेले असले की माणूस सविस्तर बोलतो. कूस बदलताना त्या रडतात तेही सांगितलं, आणि अंथरूण ओलं झालं तेही सांगितलं, चादर कुठवर भिजली त्यासकट. बायका हेलावल्या. शनिवारी झाडून सगळ्या भेटायला आल्या. एकीने मेणकापड आणलं, छान रंगीत कागदात गुंडाळून, वर रिबीन. जाऊबाईंनी रिबीन सोडली, बघितलं, आभार मानले, सगळ्यांची वास्तपुस्त केली. बायका गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यानंतर घंटा वाजली नाही. (उशीखाली ठेवली होती.) मी विचारलं तर काही नको म्हणत. सकाळी जाऊन बघावं तर रात्रभर ओल्यात पडलेल्या, दातांनी ओठ दाबून, पण हाक नाही. मला राग आला, वन्सं. एवढं राबराब राबायचं आणि वर हे तोंड. त्या रागात तुम्हाला पत्र लिहिलं. (माझं पत्र दूधवाल्याने टपालात टाकलं. त्यात राग नव्हता. लाज होती.)

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं ऐकवलं. दोन चांगले शब्द बोलतील अशी माझी अपेक्षा होती, खोटं कशाला सांगू. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं की गुरुवारी जाऊबाईंसाठी प्रार्थना कुणी केली. मी आठवून बघितलं. माझ्यासाठी सगळ्यांनी केली होती, एकीने तर रडून केली होती. त्यांच्यासाठी करायची राहून गेली होती. पाळकसाहेबांनी टोपी घेतली आणि ते निघून गेले. मला ते मुळीच आवडलं नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईशी असं अर्धवट बोलून निघून जाणं बरं नव्हे.

दुसऱ्या दिवशी अंग पुसून झाल्यावर मी जाऊबाईंना म्हटलं की माझं चुकलं. (‘पण तुमचंही थोडं चुकलंच’ असंही म्हणाली.) मी साबणाच्या पाण्याचं घमेलं उचललं, मान ताठ ठेवून वळले, आणि पाय सटकून सगळ्या पाण्यासकट भुईवर आले. मनगट गेलं हे पडताक्षणीच कळलं. आता बघा, डॉक्टर हात जोडून थकले होते तरी ज्या बाईने वॉकरला बोट लावलं नव्हतं, ती बाई पलंगाची कड धरून उतरली, भिंत धरत धरत माझ्यापर्यंत आली, आणि मला उठवता येईना म्हणून शेजारी बसली. मग दोघींनाही उठता येईना. त्यांनी उशीखालची घंटा कंबरेला खोचून आणली होती, ती वाजवत राहिल्या. रस्त्यापलीकडचा शिंपी घंटा ऐकून येईपर्यंत आम्ही त्या साबणाच्या पाण्यात बसून होतो. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं. कुणी माझं तोंड पुसल्याला किती वर्षं झाली ते मला आठवेना, आणि मला रडू आलं, ते मनगटामुळे नव्हतं. (थोडं मनगटामुळेही होतं. आणि मी हसले हे तिने सांगितलं नाही. पण आधी पुसलं, मग हसले.)

तर उत्तर असं की खोली सोडून द्या. कारण अगदी व्यवहारी आहे: मला एक हात आहे, त्यांना एक पाय आहे, दोघींची मिळून एक धड बाई होते, आणि घराला निदान एक तरी लागते. मी आता न गाता काम करते. पुढच्या वर्षी साक्ष देणार नाही. (बघू.)

तुमच्या गुडघ्यांना आराम पडो. घरात सगळ्यांना सलाम.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. खोली सोडा असं मी सांगितलं खरं, पण जाऊबाईंना राहायचं आहे की नाही हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. हे वाक्यसुद्धा त्या मान खाली घालून लिहिताहेत आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही, दिसलं असतं तरी चष्मा नाही. एवढं मोठं पत्र लिहवून घेतलं ते खरं तर यासाठी की त्या कंसात तरी लिहितील. काय लिहिलं ते मला कळवा.

ता. क. दुसरं. (धाकटी दुपारची झोपली आहे, म्हणून कंस मोठा घेते. वन्सं, खोली सोडा. मला कुठेही जायचं नाही. हे मी तोंडाने सांगितलं तर ती लगेच साक्ष रचायला घेईल, म्हणून तुम्हीच कळवा. पण नम्रतेचं म्हणाल तर अजून अर्धीच मिळाली आहे. माझं करायला ती शिकली, छान शिकली. पाणी सोसेल ना हे आधी विचारते. स्वतःचं मात्र कुणाला करू देत नाही. एका हाताने केस विंचरता येत नाहीत, तर डोक्याला रुमाल गुंडाळून चर्चला जाते. मी म्हटलं, इकडे ये, मी विंचरते, तर म्हणते, छे, सेवा मी तुमची करायची आहे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांना काम एकच होतं, पाय पुढे करायचे, आणि तेच किती जड गेलं. तुम्ही आम्हा दोघींपेक्षा मोठ्या. तिला दोन ओळींचा हुकूम पाठवा.)

ता. क. तिसरं. (हुकूम नको. उठली, रुमाल सोडला आणि माझ्याकडे पाठ करून पलंगापाशी खाली बसली आहे. गुंता फार आहे, दोन्ही हात लागतील, म्हणून पत्र इथेच पुरे.)